चौदावी तारीख सगळ्यांसाठी खुली

नंदुरबारच्या कोर्टाच्या व्हरांड्यातला नोटीस बोर्ड सहसा कोणी वाचत नाही. तो वाचायला वेळ असलेला माणूस त्या इमारतीत बहुधा मी एकटाच होतो. माझ्या दाव्याचा पुकारा साडेअकराला होऊन दोन मिनिटांत आटोपला होता आणि धानोऱ्याला परत जायची एसटी साडेचारची पकडायची, असा माझा नियम होता. (एक वाजताचीही गाडी असते. तिचा उल्लेख मी घरी कधी केला नव्हता.)

तर बोर्डावर लिहिलं होतं की कोर्टाचं कामकाज आता व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर कोणालाही घरबसल्या बघता येईल. लिंक वेबसाइटवर मिळेल. बघणाऱ्यांनी आपला माइक आणि कॅमेरा बंद ठेवावा, रेकॉर्डिंग करू नये. खाली सही, शिक्का.

मी ते दोनदा वाचलं आणि शेवभाजी खायला गेलो. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते संध्याकाळी, कारण जेवताना मी हे बायकोला सांगायचं ठरवलं. शाळेत क्लार्क असलेल्या माणसाकडे घरी सांगण्यासारखी बातमी वर्षातून एखाद्या वेळीच येते. ती वाया घालवणं माझ्या जिवावर आलं.

"आता कोर्ट जगात कुठूनही बघता येतं," मी भाकरी मोडत म्हणालो. "मोबाइलवर."

गायत्रीनं हातातला चमचा खाली ठेवला. "म्हंजे कोनले बी देखता ई?"

"कोनले बी. पारदर्शकता म्हंतस त्याले."

"मंग तुम्ही बी दिसशात?"

मी मोडलेली भाकरी परत ताटात ठेवली.

आता हा दावा काय होता ते सांगतो. आमच्या घराला लागून भंवरलालजींचं घर. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, किराणा दुकान घातलं, आणि भंवरलालजींच्या मुलानं, महावीरनं, तीन वर्षांपूर्वी मागच्या शेडमध्ये मिरची कांडायचं यंत्र बसवलं. आमच्या भागात मिरचीला तोटा नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत पंचक्रोशीतली माणसं पोती घेऊन यायची आणि लोखंडी मुसळं धपधप पडत राहायची. मला शिंका सुरू झाल्या. एका रविवारी सलग बावीस आल्या. (गायत्रीनं मोजल्या. मला वाटलं काळजीनं मोजतेय. नंतर कळलं की तिनं तो आकडा बचत गटाच्या बैठकीत सांगितला.)

मी भंवरलालजींना जाऊन बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी कुंपणावरून म्हणालो, "मी कोर्टात जाईन." ते म्हणाले, "जा ना, गिरधरभाऊ." मग जावं लागलं. राजेंद्र वकिलांनी मनाईहुकमासाठी दावा लावून दिला आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद झालं. माझं बंद म्हणजे अख्ख्या घराचं बंद, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या तारखेला गायत्रीनं सकाळी शिरा केला. कोर्टात बोलायचंय, घसा कोरडा पडायला नको म्हणून. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. माझ्या नावाचा पुकारा झाला, मी उभा राहिलो, समोरच्या वकिलांनी मुदत मागितली, आमच्या वकिलांनी मान हलवली, मी बसलो. संपलं.

संध्याकाळी गायत्रीनं दारातच विचारलं, "काय बोलनात?"

इतका शिरा खाऊन "काही नाही" असं सांगायला माणूस निर्लज्ज लागतो. मी म्हणालो, "मी जजमॅडमना स्पष्टच सांगितलं. म्हटलं, मॅडम, हा प्रश्न माझ्या नाकाचा नाही, अख्ख्या धानोऱ्याच्या नाकाचा आहे."

"बापरे," ती म्हणाली आणि मला आल्याचा चहा दिला.

तेरा तारखा झाल्या. तेरा वेळा शिरा झाला, तेरा वेळा आल्याचा चहा. दर वेळी माझं भाषण वाढत गेलं. चौथ्या तारखेला मी म्हणालो होतो (म्हणजे म्हणालो नव्हतो), "मॅडम, देवानं डोळे दोन दिले, कान दोन दिले, पण नाक एकच दिलं. तेवढं तरी कायद्यानं सांभाळलं पाहिजे." हे वाक्य कळसाडीला माझ्या सासरी फारच गाजलं. सासूबाई, तुळशीबाई, ते आल्या-गेल्याला सांगायच्या म्हणे. माझा मेहुणा शिवाजी कापूस सोडून मला बांधाच्या भांडणावर कायद्याचा सल्ला विचारू लागला. मी द्यायचो. "मुदत मागा," असा.

प्रत्यक्षात तेरा तारखांत माझ्या तोंडून कोर्टात एकच शब्द गेला होता, तो म्हणजे "सॉरी". फोन वाजला होता.

आणि आता गायत्री विचारत होती, तुम्ही दिसाल का.

"अवं, ते फक्त वकील लोकेसकरता शे," मी म्हणालो.

"आत्तेच तर म्हनात, कोनले बी."

"कोनले बी म्हंजे कोनताबी वकीलले."

तिनं मोबाइल हातात घेतला. गायत्री महिला बचत गटाची सचिव आहे. तिच्या तालुक्याच्या बैठका मोबाइलवरच होतात. हात वर करायचं बटण कुठं असतं ते तिला ठाऊक आहे, मला अजून नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा तिनं लिंक शोधून काढलेली होती आणि कळसाडीला पाठवलेलीही होती.

"आईले कितला दिनपाइन तुमनं भाषन आयकनं व्हतं," ती म्हणाली.

चौदावी तारीख सतरा दिवसांवर होती.

माझ्यापुढं दोन मार्ग होते. एक, खरं सांगून टाकणं. त्याचा मी विचार केला नाही. दुसरा, या वेळी खरंच बोलणं. मी राजेंद्र वकिलांना फोन केला.

"वकीलसाहेब, या तारखेला मला दोन मिनिटं बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"काहीही चालेल."

"गिरधरभाऊ, पक्षकार जितका कमी बोलतो तितकी केस नीट चालते. तुमची केस बघा, किती छान चाललीये."

"पण माझ्या घरचे बघणार आहेत."

"मग शर्ट चांगला घाला," ते म्हणाले. फार विनवण्या केल्यावर एवढंच कबूल केलं की जजमॅडमनी स्वतःहून विचारलं तर मी बोलावं, ते आडवे येणार नाहीत.

तेवढ्यावर मी तयारीला लागलो. शाळेच्या जुन्या रजिस्टरांच्या खोलीत दुपारी कोणी नसतं. तिथं उभा राहून मी नाकाचं भाषण म्हणायचो. मधेमधे शिंका यायच्या, तरी रेटत होतो. एकदा मागं वळून बघतो तो आमचा शिपाई भटू हातात घंटेचा हातोडा घेऊन उभा.

"चांगलं शे, सर," तो म्हणाला. "नाक एकच शे हाई खरं. पन कोर्टले ते म्हाईत नही का?"

त्या क्षणी माझा धीर सुटला. भाषण जमणार नव्हतं. राहिला तिसरा मार्ग. गायत्रीला ते दिसूच द्यायचं नाही.

तारखेच्या दिवशी सकाळी ती शिरा ढवळत होती, तेव्हा मी बैठकीच्या खोलीत गेलो, इंटरनेटच्या डब्याचा अडॅप्टर काढला आणि कागदपत्रांच्या पिशवीत टाकला. तिच्या मोबाइलचा डेटा महिनाअखेरीला संपलेला असतो, हे मला माहीत होतं. कळसाडीचं काय करायचं, याचा विचार मी केला. शिवाजीच्या शेतात नेटवर्क ऊस वाढला की जातं. ऊस भरपूर वाढलेला होता. एवढ्या भरवशावर मी एसटीत बसलो. मन हलकं झालं होतं, शिराही नेहमीपेक्षा दोन चमचे जास्त खाल्ला होता.

कोर्टात एक नवी वस्तू आली होती. जजमॅडमच्या डाव्या हाताला भिंतीवर मोठा पडदा लावलेला होता आणि त्यावर चौकोनच चौकोन. बहुतेक काळे, त्यात नुसती नावं. मी नावं वाचू लागलो. पाचव्या चौकोनात लिहिलं होतं, "शिवाजी कळसाडी". तो चौकोन काळा नव्हता. त्यात माझ्या सासूबाईंचं कपाळ होतं, कुंकवापासून वर.

"शिवाजी कळसाडी, कॅमेरा बंद करा," कोर्टाचा क्लार्क माइकवर म्हणाला.

कपाळ हललं, गोल फिरलं, आणि त्या जागी एक म्हैस आली. बंद करण्याऐवजी शिवाजीनं मागचा कॅमेरा चालू केला होता. म्हैस रवंथ करत सरळ जजमॅडमकडे बघत होती. क्लार्कनं आणखी दोनदा सांगितलं, मग त्यानंच तिकडून काहीतरी दाबलं आणि म्हैस गेली. नाव मात्र राहिलं. म्हणजे कळसाडी बघत होती.

निदान गायत्री तरी बघत नाही, असं मी स्वतःला समजावलं. पिशवीत हात घालून अडॅप्टर चाचपला. होता.

माझा पुकारा झाला. मी उभा राहिलो. (याची मला सवय होती.) प्रतिवादीचे वकील म्हणाले, "मॅडम, आमच्या पक्षकारांच्या गुडघ्याचं दुखणं आहे, म्हणून ते व्हिडिओवरून हजर आहेत. परवानगी घेतली आहे."

पडद्यावर एक चौकोन मोठा झाला. भंवरलालजी पांढरा सदरा घालून, पाय लांब करून सोफ्यावर बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांच्या मिसेस, नोजीबाई. नोजीबाईंच्या शेजारी एक बाई मांडीवर सूप घेऊन मिरच्यांची देठं खुडत होती. ती बाई समोर कुठंतरी, बहुधा त्यांच्या टीव्हीकडे, मन लावून बघत होती. तिचा पिवळा पदर मी ओळखला, कारण तो मीच नंदुरबारहून आणला होता. आठव्या तारखेला.

मी खाली बसलो. कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

"हा आवाज कसला येतोय?" जजमॅडमनी विचारलं.

खरंच येत होता. धप, धप, धप.

"रस्त्यावरचा असेल, मॅडम," प्रतिवादीचे वकील म्हणाले.

"नाही जी, मॅडमजी," भंवरलालजी मोकळेपणानं म्हणाले, "मशीन आहे. मिरचीची."

त्यांच्या वकिलांनी डोळे मिटले.

"म्हणजे हा दावा ज्या यंत्राबद्दल आहे, तेच?"

"तेच जी."

"आणि ते आत्ता चालू आहे." जजमॅडमनी कागद उलटला. "वादीचं म्हणणं आहे की त्या यंत्रानं शेजारच्या घरात बसणं अशक्य होतं. तुमच्या बाजूला त्या बाई बसल्यात, त्या कोण?"

"ह्या मन्ही... माझी मिसेस आहे, नोजीबाई. आणि ह्या गायत्रीबेन. वादीच्या मिसेस."

कोर्टात तीसेक माणसं असतील. सगळी माझ्याकडे बघायला लागली. राजेंद्र वकील फाइलमध्ये इतके खाली वाकले की त्यांची फक्त पाठ दिसत होती.

पडद्यावर गायत्रीला आपलं नाव ऐकू आलं. तिनं टीव्हीकडे नीट निरखून बघितलं, मग तिच्या लक्षात आलं की त्यात दिसतेय ती आपणच. आधी तिनं पदर सारखा केला. मग सूप खाली ठेवलं आणि उभी राहिली. बचत गटाच्या बैठकीत कलेक्टर आले की ती अशीच उभी राहते.

"नमस्कार, मॅडम."

"नमस्कार. तुम्ही वादींच्या पत्नी ना? मग तिकडे कशा?"

"आमच्या घरचं नेट बंद पडलं, मॅडम. डब्याचा अडॅप्टरच सापडत नाही. यांना कोर्टातून आल्यावर शोधायला सांगणार आहे. तोपर्यंत म्हटलं इथं बघू. यांचा टीव्ही पण मोठा आहे."

मी पिशवी मांडीवरून उचलून बाकाखाली ठेवली.

"यंत्र चालू असताना तुम्ही तिथं बसलात. तुम्हाला त्रास होत नाही?"

"नाही, मॅडम. आमचीच मिरची टाकेल शे... टाकली आहे. सात किलो."

"तुमची?"

"दर वर्षी इथंच कांडते मी. महावीरभाऊ चांगलं बारीक करून देतात."

मला तेव्हा आमच्या घरातल्या लाल तिखटाची आठवण झाली. दोन वर्षं मी ते जेवताना वाखाणत होतो. ती म्हणायची, बाजारातून आणलं. बाजार कुठला ते मी विचारलं नव्हतं.

जजमॅडमनी चष्मा काढला. "बाई, मग तुमच्या यजमानांना होणारा त्रास?"

"त्यांना शिंका येतात, मॅडम, ते खरं आहे. पण संध्याकाळी येतात, शाळेतून आल्यावर. मशीन तर पाचला बंद होतं. आधी त्रास झाला, पण दावा लागल्यावर भंवरलालजींनी मला निरोप दिला की यांच्या शाळेच्या वेळेतच चालवतो, रविवारी बंद ठेवतो. तेव्हापासून तसंच आहे. दीड वर्ष झालं."

माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं. मी घरात पाऊल टाकलं की यंत्र थांबलेलं असायचं, हे मला चांगलं माहीत होतं. माझी चाहूल लागताच प्रतिवादी पुरावा नष्ट करतो, असं मी वकिलांना दोनदा लेखी दिलं होतं.

"मग संध्याकाळी शिंका कशानं येतात?"

"ते शाळेतल्या जुन्या रजिस्टरांत काम करतात. घरी आले की दारात शर्ट झटकतात. त्या झटकण्यानं येतात. मी सांगितलं त्यांना दोन-तीनदा. पण शिंकताना त्यांना ऐकू येत नाही."

मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. पट्टेवाल्यानं "शांत" म्हटलं, पण त्याचाही आवाज नीट निघाला नाही.

"दीड वर्षापूर्वी तोडगा निघालेला होता," जजमॅडम सावकाश म्हणाल्या, "मग दावा मागं का घेतला नाही? तुम्ही यजमानांना हे सांगितलं नाही?"

मोठ्या पडद्यावर गायत्रीचा चेहरा चांगला हातभर होता, त्यामुळं ती लाजली हे सगळ्या कोर्टाला दिसलं.

"सांगणार होते, मॅडम. पण तारीख आली की हे चार दिवस आधीपासून खूश असतात. स्वतः शर्टाला इस्त्री करतात. एरवी शाळा नि घर, घर नि शाळा. म्हटलं, चालू द्या. कोणाचं काही बिघडत नाही."

यावर कोणी हसलं नाही. मला ते हसण्यापेक्षा जड गेलं. मी समोरच्या पंख्याकडे बघत राहिलो.

जजमॅडमनी माझ्याकडे मान वळवली. "वादी, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

तेरा तारखा मी ज्या प्रश्नाची उत्तरं घरी जाऊन देत होतो, तो प्रश्न अखेर मला विचारला गेला. राजेंद्र वकिलांनी शब्द पाळला, ते आडवे आले नाहीत. मी उभा राहिलो. पडद्यावर गायत्री, नोजीबाई आणि भंवरलालजी तिघंही पुढं वाकून बघत होते. काळ्या चौकोनात कळसाडी होती. डोळे दोन, कान दोन, नाक एक, असा क्रम मी मनात लावला.

"मॅडम," मी म्हणालो.

"बोला."

तोंड उघडलं, पण नाक, कान, डोळे कुठंच सापडेनात. मग जे वाक्य मी त्या खोलीत तेरा वेळा ऐकलं होतं, तेवढं एकच आपोआप बाहेर पडलं.

"पुढची तारीख मिळावी."

जजमॅडमनी चष्मा पुन्हा लावला, बहुधा हसू लपवायला. "अहो, मुदत प्रतिवादी मागतात. दावा तुमचा आहे."

"हो, मॅडम," मी म्हणालो. हेही मी पहिल्यांदाच बोलत होतो.

पुढचं फार पटकन झालं. यंत्र अकरा ते पाच चालेल, रविवारी बंद राहील, असा तडजोडीचा कागद करायचा ठरलं. म्हणजे दीड वर्ष जे चालू होतं तेच, आता शिक्क्यासकट. भंवरलालजी लगेच "मंजूर जी" म्हणाले. जजमॅडमनी मला विचारलं, मी मान हलवली. दोघांनी सह्या करून कागद वकिलांकडे द्यायचा, बाकीचं वकील बघतील.

"तुम्हाला आता इथं यायची गरज नाही," जजमॅडम माझ्याकडे बघून चांगल्या मनानं म्हणाल्या.

बाहेर राजेंद्र वकिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "गिरधरभाऊ, तुम्हाला बोलायचं होतं ना? बोललात." आणि ते दुसऱ्या कोर्टात गेले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा एक वाजताची एसटी पकडली. शेवभाजीच्या हॉटेलकडे बघितलंसुद्धा नाही. धानोऱ्याला उतरून गल्लीत शिरलो तर यंत्र चालू होतं. दुपारच्या वेळी मी घराकडे कधी आलोच नव्हतो, त्यामुळं गल्लीत तो आवाज दीड वर्षानंतर ऐकत होतो. हवेत मिरचीचा बारीक तिखट वास होता. मी कुंपणाशी उभा राहिलो आणि वाट बघितली. एकही शिंक आली नाही.

भंवरलालजी ओट्यावर पाय लांब करून बसले होते. दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"आलात, गिरधरभाऊ," ते म्हणाले. "लवकर आलात आज."

"एकची गाडी मिळाली."

"ती रोज असते जी," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "गुडघा बरा असता तर सोबतच आलो असतो."

मी "काळजी घ्या" म्हणालो आणि घरात गेलो. गायत्री डब्यात तिखट भरत होती. मी पिशवीतून अडॅप्टर काढला, भिंतीत लावला. हिरवा दिवा लागला. तिनं दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

मी पाटावर बसलो. खरं सांगायची वेळ आली होती आणि आता ते सांगायला माझ्याकडे फारसं उरलंही नव्हतं.

"गायत्री, मी कोर्टमा आजपावत काहीच बोलेल नव्हतू."

"म्हाईत शे," ती म्हणाली.

"आज देखं म्हनीसन?"

"नही. पहिली तारीखपाइन. भंवरलालजी बी तारीखले येतस ना? तुमना आधीच एकनी गाडीमा येतस नि ओट्यावर बसीसन बठ्ठं सांगतस. गिरधरभाऊ उठनात, गिरधरभाऊ बसनात."

ही गोष्ट माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. प्रतिवादी तेराच्या तेरा तारखांना माझ्यापासून दोन हातांवर बाकावर बसलेला असायचा. तो माणूसही घरी जातो, त्यालाही तोंड आहे, आणि त्याचं घर माझ्या घराला लागून आहे.

"मंग शिरा कसाले करे तू?"

"भंवरलालजीसले सांगता येत नही. दोन मिनिटमा सरी जास त्यासनं. तुम्ही रंगाडीसन सांगतस. ते नाकनं तर आम्ही बठ्ठ्या बाया गटमा रोज म्हंतस." ती हसली नाही, अगदी साधेपणानं म्हणाली. मला जरा बरं वाटलं. इतकं की मी पाटावर नीट बसलो.

"म्हंजे कळसाडीले बी म्हाईत व्हतं? आईसले?"

"आईले मीच सांगेल व्हतं. दोन वरीस व्हयनात."

"मंग लिंक कसाले धाडी? मी बोलस नही, हाई म्हाईत व्हतं ना."

गायत्रीनं तिखटाचा हात पदराला न लावता धुऊन घेतला.

"तेन्हाकरताच धाडी," ती म्हणाली. "तुम्ही सासरले येतस तव्हय तीन-तीन तास बोलतस. आईनी विच्छा व्हती, जवाई गप बसेल कशा दिसतस, ते एकदाव देखी लेवाले जोयजे."

विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"मंग? कशा दिसनू?"

"चांगला दिसनात म्हने," गायत्री म्हणाली. "आईले परत देखनं व्हतं. केस मिटाडामा आपुन घाईच करी."